कृती-लेख आणि त्यातले दुवे: हात बरबटलेले असताना वाचणाऱ्यासाठी कसं लिहायचं?

परसातली (फोंडा) | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चौघीजणी मिळून एक छोटं संकेतस्थळ चालवतो. गोव्यातल्या घरांत जी कामं करावी लागतात त्यांचे कृती-लेख त्यावर आहेत. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) कसं काढायचं, सोलं (त्याच्याच साली) कशी वाळवायची, चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) कशी बांधायची, पावसाआधी घर कसं शाकारायचं, एक-चौदाचा उतारा कसा मिळवायचा, पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदाराकडे काय काय घेऊन जायचं. साठेक लेख झालेत. सगळे एकमेकांना दुव्यांनी जोडलेले, आणि त्या जोडकामाचा मला फार अभिमान होता.

मे महिन्यात प्रियोळहून एका मुलीचा फोन आला. "ताई, मीठ किती घालायचं?" म्हटलं, अगं लेखात आहे की. तर म्हणाली, "लेखात 'मिठाचं प्रमाण इथे पहा' असं आहे. माझे दोन्ही हात भिरंडांच्या रसात आहेत. हा फोनसुद्धा मुलाने कानाला धरलाय."

तिला प्रमाण सांगितलं (आमच्या घरी चार वाट्या सालींना एक वाटी जाडं मीठ, ज्याच्या त्याच्या घरचं वेगळं) आणि फोन ठेवून तो लेख उघडला. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. मीठ आगळाला लागतं, सोलांना लागतं, लोणच्याला लागतं, खारातल्या आंब्यांना लागतं. चार ठिकाणी तेच कशाला लिहा, म्हणून मी मिठाचा स्वतंत्र लेख केला आणि चारही लेखांतून तिकडे दुवा दिला. लिहिणारीच्या वहीत हिशेब चोख. करणारीला मात्र ऐन कामातून उठवून शेजारणीकडे मीठ मागायला पाठवलं होतं मी.

मग सगळे लेख पुन्हा वाचले, पण ते काम हातात आहे असं समजून. माटोळीच्या लेखात तर कहर होता. 'आता कांगलां, घागऱ्यो, कवंडळं आणि माट्ट्यो यांचे झुबके चौकटीला बांधा.' चारही नावं निळी, चारही अधोरेखित. माणूस स्टुलावर उभा, तोंडात सुतळी, आणि आम्ही त्याला चार वेगवेगळ्या पानांवर बोलावतोय. वर कवंडळ खायचं नसतं, मुलांच्या हाती देऊ नका, ही सूचना कुठे? दुव्यापलीकडच्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात.

तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला. जे कळलं नाही तर काम अडतं किंवा कुणाला अपाय होतो, ते त्याच पानावर, त्याच पायरीला. दुवे उंबरठ्यावर. म्हणजे काम सुरू करण्याआधीचे (भिरंड पिकलं हे कसं ओळखायचं, बरणी कोणती) अगदी वर, आणि काम झाल्यानंतरचे (आगळ वर्षभर कसं टिकवायचं, बियांचं काय करायचं) अगदी खाली. मधल्या पायऱ्यांत एकही दुवा नाही.

आता अडचणी. मिठाचं प्रमाण चार पानांवर चारदा लिहिलं, आणि उद्या एकीने एका पानावर बदललं, की बाकीची तीन पानं खोटं बोलायला लागणार. यावर काय करतात? दुसरं, आमच्यातली एक 'घालावे' लिहिते, दुसरी 'घाला', तिसरी 'घालायचं', आणि चौथी कालपर्यंत 'घालतात' लिहीत होती. एकच काहीतरी ठरवावं का?

लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी, दोघांनीही सांगा.


माणकुराद | सोमवार, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली.

पण चारास एक म्हणजे मीठ कमी नाही का? आमच्या आजीचं तिनास एक असे. आगळ दोन वर्षं टिकायचं.


परसातली (फोंडा) | सोमवार, रात्री १०:२२

माणकुराद, मला ठाऊक होतं पहिला प्रतिसाद मिठावरच येणार. :) त्याचा वेगळा धागा काढा, मीही येते भांडायला.


पर्वरीचा_लेखनिक | सोमवार, रात्री ११:०५

ताई, माझं पोटच यावर चालतं. सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शक पुस्तिका लिहितो, त्यामुळे लांबण लावली तर माफ करा.

तुमच्या मिठाच्या लेखात दोन जातीचा मजकूर एकत्र झालाय असं मला वाटतं. आमच्या धंद्यात डॅनिएले प्रोसिदा यांची एक मांडणी बरीच वापरतात, 'डायाटॅक्सिस' नावाची. तिच्यात मजकुराच्या चार जाती आहेत: नवशिक्याला हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक काम करवून घेणारी कृती, संदर्भासाठीची कोरडी माहिती, आणि 'असं का' सांगणारं विवेचन. मीठ किती, हा कृतीचा भाग. मीठ का घालायचं, जाडं आणि बारीक यांत फरक काय, कमी पडलं तर बुरशी का येते, हे विवेचन. विवेचन खुशाल वेगळ्या पानावर राहू दे. ते वाचायला माणूस दुपारी जेवणानंतर आडवा पडल्यावर येतो. प्रमाण मात्र कृतीतच हवं.

आणि लोक लेख वाचतात या भ्रमात राहू नका. जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये वेबवरच्या वाचनाचे निष्कर्ष मांडले होते. त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के. तेव्हा तर मोठा पडदा आणि टेबल-खुर्ची होती. तुमची वाचक मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभी आहे. नजर फिरवताना अडकते कुठे? मथळ्यांवर, आकड्यांवर आणि निळ्या अक्षरांवर. निळं अक्षर दिसलं की बोट शिवशिवतं. म्हणून पायऱ्यांमध्ये दुवे नकोत हा तुमचा नियम मला पटला, फक्त माझं कारण वेगळं. एकदा गेलेला वाचक पाचव्या पायरीवर परत येत नाही. आला तरी पान पुष्कळदा पुन्हा वरपासून उघडतं.

चार ठिकाणच्या मजकुराला उपाय आहे. मराठी विकिपीडियावर ज्याला 'साचा' म्हणतात ते बघा. मजकूर एकदाच लिहायचा आणि चार पानांनी तो आपल्या पोटात दाखवायचा. एका जागी बदलला की चारही ठिकाणी बदलतो. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी आणला, आणि असा मजकूर दुसऱ्या पानात जिवंत आणून बसवण्याची कल्पनाही त्यांचीच. आपण त्यातला दुवा तेवढा उचलला आणि ही गोष्ट विसरलो. तुमच्या संकेतस्थळाच्या प्रणालीत 'पुन्हा वापरायचा तुकडा' अशा अर्थाची सोय बहुधा असेलच.


डिचोलीचे_गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:४०

लेखनिकबुवांच्या साच्याबद्दल एक धोक्याची घंटा वाजवतो. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही.

वाक्य म्हणजे वीट नव्हे की काढली इथून आणि लावली तिथे. 'त्यात चारास एक या प्रमाणात मीठ घालावे.' यातलं 'त्यात' कशात? आगळाच्या लेखात ते सालींत, खारातल्या आंब्यांच्या लेखात पाण्यात. साच्यात घालायचं तर सर्वनाम काढून पूर्ण नाम लिहावं लागेल, आणि मग चारही ठिकाणी ते वाक्य पाहुण्यासारखं अवघडून बसेल. माझं मत: आकडा तेवढा साच्यात ठेवा, वाक्य ज्या त्या लेखाचं असू द्या.

आता दुव्यांबद्दल. आमच्या वेळी दुवे नव्हते असं समजू नका. मराठी विश्वकोशाचे खंड उघडा. पहिला खंड १९७६ सालचा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. मजकुरात एखाद्या शब्दाआधी बारीकसा बाण दिसतो. त्याचा अर्थ या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे. काही नोंदींच्या शेवटी 'पहा :' आणि पुढे नोंदींची नावं. कागदावर बोट ठेवून काही उघडत नाही, म्हणून प्रत्येक दुव्याला आपल्या मुक्कामाचं नाव सांगावंच लागे. 'इथे पहा' असं छापील कोशात लिहून दाखवा बघू!

क्रियापदांचं सविस्तर संध्याकाळी लिहितो, आता पूजेची वेळ झाली.


कानांनी_वाचतो | मंगळवार, सकाळी ८:३०

गुरुजींनी 'इथे पहा'चा विषय काढलाच आहे तर माझंही ऐका. मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर वाचतो. पान उघडलं की पुष्कळदा आधी त्या पानावरच्या दुव्यांची यादी ऐकतो, म्हणजे पानात काय काय आहे याचा अंदाज येतो. परसातलीताईंच्या संकेतस्थळावर मी आलोय. यादी अशी ऐकू आली: इथे, इथे, हे वाचा, इथे, अधिक माहिती, इथे. घरात पोपट पाळल्यासारखं वाटलं.

राग मानू नका. लेख चांगले आहेत. पातोळ्यांचा ऐकून मी स्वतः हळदीची पानं आणायला गेलो होतो.


परसातली (फोंडा) | मंगळवार, सकाळी ९:१०

राग कसला, लाज वाटली. आजच बसते दुरुस्तीला.

'इथे'ची आणखी एक गंमत मला गेल्या चवथीला कळली होती, ती लिहायची राहिली. आमचा माटोळीचा लेख कुणीतरी उचलून व्हॉट्सॲपवर टाकला. फिरत फिरत तो माझ्याच मावशीकडून माझ्याकडे परत आला. (लेखाखालचं आमचं नाव गेलं होतं. त्यावर बोलत नाही.) पण मजकूर नकलून डकवला की दुवे गळून पडतात आणि अक्षरं राहतात. त्यामुळे फिरणाऱ्या लेखात ठिकठिकाणी 'इथे पहा' होतं आणि तिथे बघायला काहीच नव्हतं. मावशीने विचारलं, इथे म्हणजे कुठे गो?

'इथे' ऐवजी 'कांगलां कशी ओळखावीत हा लेख' असं लिहिलं असतं तर दुवा मेला तरी मावशीला शोधायला नाव मिळालं असतं.


सत्तरीकार | मंगळवार, दुपारी १:२०

तुम्ही सगळे रेंजमधली माणसं. आमच्या गावात रेंज आली तर आली. बाजाराच्या दिवशी वाळपईला गेलो की पानं उघडून ठेवतो आणि घरी येऊन वाचतो. मला एक पान उघडून मिळतं, त्याच्या पोटातली आठ पानं मिळत नाहीत. दुवा म्हणजे माझ्यासाठी भिंत.

त्यामुळे ताईंचा नियम मला शंभर टक्के मान्य. फोटोंचंही बघा जरा. माटोळीच्या पानावर तेवीस फोटो आहेत, मी मोजले. त्यातले सहा तुमच्या गणपतीचे. सुंदर आहे मूर्ती. पण गाठ कशी मारायची तो फोटो उघडलाच नाही.


माणकुराद | मंगळवार, दुपारी १:४५

+१ सत्तरीकार. आणि हे सगळं करूनही लोक शेवटी व्हिडिओच बघतात, हे कुणी बोलत नाहीये.


पर्वरीचा_लेखनिक | मंगळवार, दुपारी २:१०

गाठ मारायची असेल तर मीही व्हिडिओच बघेन. पण 'मीठ किती' एवढंच हवं असेल तर बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते कुठल्या मिनिटाला आहे हे शोधत बसावं लागतं, आधी दोन मिनिटं नमस्कार-चमत्कार ऐकून. दोन्ही असावं.


डिचोलीचे_गुरुजी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

क्रियापदांकडे येतो.

जुन्या पाककृतींत 'घ्यावे, चिरावे, परतावे' असे. ते वाचायला सोज्वळ आहे, पण त्यात आज्ञेपेक्षा सल्ला जास्त. 'झाकण लावावे' म्हणजे लावलं तर बरं, की लावलंच पाहिजे? धोक्याच्या ठिकाणी विध्यर्थ घात करतो. 'घालतात' हा तर रीतिवर्णनाचा प्रकार. लोक असं करतात, तुम्ही काय ते बघा! 'घालायचं' हे आई सांगते तसं, बोलायला गोड. पण दहा पायऱ्या ओळीने 'चं, चं, चं' झाल्या की झांजा वाजल्यासारखं होतं. कृतीला 'घाला' बरं. आदरार्थी आज्ञार्थ, दोन अक्षरं, संशयाला जागा नाही. विवेचनाच्या लेखात 'घालतात' आणि सल्ल्याला 'घालावे' ठेवा. म्हणजे क्रियापदावरूनच वाचकाला कळेल की हे केलंच पाहिजे, केलं तर बरं, की नुसती माहिती आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वाक्यातल्या क्रमाची. 'रसात मीठ घाला, पण त्याआधी तो गाळून घ्या.' हे वाक्य मी एका लेखात वाचलंय. कुणाचा ते सांगत नाही. वाचणारी 'मीठ घाला' वाचून मोकळी झाली, मीठ पडलं, आणि मग कळलं की आधी गाळायचं होतं. आपल्या भाषेत यासाठी किती छान सोय आहे! 'रस गाळून त्यात मीठ घाला.' हे 'गाळून' म्हणजे पूर्वकालवाचक. आधीची क्रिया आधी येते, नंतरची नंतर येते, हात आणि वाक्य बरोबर चालतात. पण तिलाही मर्यादा आहे. 'भिरंडं धुऊन, पुसून, चिरून, बिया काढून, साली बरणीत भरून मीठ घाला' म्हटलं की सहा कामांची एक पायरी झाली, आणि त्यातलं 'पुसून' हमखास राहतं. पाणी राहिलं की बुरशी. एका वाक्यात दोन 'ऊन' पुष्कळ झाले.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं की काय करायचं ते कळायला खूप वेळ लागतो. कृतीच्या लेखात तोकडी वाक्यं लिहिण्याचं खरं कारण हे. वाचक कमी हुशार असतो म्हणून नव्हे.


परसातली (फोंडा) | मंगळवार, रात्री ८:०५

गुरुजी, ते 'पण त्याआधी गाळून घ्या' आमच्याच संकेतस्थळावरचं आहे. मीच लिहिलंय. देव बरें करूं.


कुडाळकर | मंगळवार, रात्री ९:२०

पेडण्याच्या पलीकडचा आहे, तरी बोलतो. मला तुमचा आगळाचा लेख शोधून सापडलाच नाही. मी 'रातांबा' शोधत होतो. आमच्याकडे ओलं फळ म्हणजे रातांबा आणि वाळलेली साल म्हणजे आमसूल किंवा कोकम. तुमच्याकडे भिरंड आणि सोल. एकाच झाडाला इतकी नावं, आणि तुम्ही लेखात एकच वापरलंय.

आणि ते एक-चौदा म्हणजे काय हो? मला वाटलं एकादशी-चतुर्दशीचं काहीतरी व्रत असेल.


पर्वरीचा_लेखनिक | मंगळवार, रात्री १०:००

हा हा, कुडाळकर. एक-चौदा म्हणजे गोव्यातला सातबारा. फॉर्म एक आणि चौदा, जमीन महसूल संहिता १९६८ ची. सर्व्हे नंबर, कब्जेदार, कूळ, पीक वगैरे त्यात असतं.

ताई, यातूनच एक मुद्दा निघतो. वरच्या 'गोव्यातला सातबारा' या दोन शब्दांनी जे काम झालं त्यासाठी लेखात आख्खा दुवा होता. ज्याचा खुलासा चार-पाच शब्दांत होतो त्याला दुवा देऊ नये, जागच्या जागी सांगून टाकावं. माझा हिशेब असा: खुलासा एका वाक्यात मावला तर वाक्य, परिच्छेद लागला तर त्याच पानाच्या तळाशी, त्याहून मोठा झाला तर वेगळं पान.

नावांबद्दल: एका वस्तूला एक मुख्य नाव ठरवा आणि सगळ्या लेखांत तेच वापरा. तुमचं भिरंड तर भिरंड, गोव्याचं संकेतस्थळ आहे, बदलू नका. मात्र लेखाच्या पहिल्या दोन ओळींत बाकीची नावं येऊ द्यात: रातांबा, कोकम, ओल्या-सुक्यातला फरक. बाकीच्या नावांची रिकामी पानं करून ती मुख्य पानाकडे वळवा. आणि लोक रोमन अक्षरांत मराठी टंकूनही शोधतात, त्याचाही विचार पानाच्या वर्णनात करा.

पानाच्या पत्त्याचं तर वेगळंच रडगाणं आहे. देवनागरीत पत्ता ठेवला तर दिसायला सुरेख. पण तो नकलून कुठे पाठवला की पुष्कळदा एकेका अक्षर-चिन्हाचे नऊ-नऊ वर्ण होतात, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन वर्णांनी लिहितात. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजायचे. 'भिरंडांचे-आगळ' एवढ्या पत्त्याचे १०९ वर्ण होतात! मावशीला तो व्हायरस वाटतो. आमच्याकडे पत्ता रोमनमध्ये छोटासा ठेवतात आणि शीर्षक मराठीत. भाषाभिमान्यांनी मला काय ते बोलून घ्यावं.


डिचोलीचे_गुरुजी | बुधवार, सकाळी ६:३५

बोलणार नाही. टपालाच्या पाकिटावर पिनकोड आकड्यांत लिहितोच की आपण.


काणकोणची | बुधवार, सकाळी ११:१५

माझा अनुभव सरकारी कामांच्या लेखांचा आहे, तो थोडा निराळा. दाखल्यांवर मी असेच लेख लिहायचे. प्रत्येक पायरीला सरकारी पानाचा थेट दुवा. एके सकाळी एका खात्याने संकेतस्थळ नवं केलं आणि माझे सगळे दुवे एका फटक्यात मेले. लोक मला विचारायला लागले की तुझं पान बिघडलं काय? आता तिथे गेलेला माणूस मुखपृष्ठावर आदळतो.

त्यानंतर मी दुव्यावर विसंबून लिहिणं सोडलं. कुठल्या कार्यालयाचं काम, अर्जाचं नेमकं नाव, अर्जावर कोणत्या रकान्यात काय, सोबत काय जोडायचं, हे सगळं अक्षरांत. दुवा असलाच तर फक्त सोयीसाठी. फी लिहीत नाही, कारण ती बदलली की माणूस सुट्टे घेऊन जातो आणि खिडकीवर माझा उद्धार करतो. लेखाच्या वर 'शेवटचं तपासलं' म्हणून महिना आणि साल. तिथे खोटं लिहायचं नाही. शुद्धलेखन सुधारलं म्हणून तारीख बदलायची नाही, खरोखर कार्यालयात चौकशी केली तरच बदलायची.


पर्वरीचा_लेखनिक | बुधवार, दुपारी १२:४०

काणकोणताई, तुम्ही एकट्या नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं होतं. २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भांतला निदान एक दुवा मेलेला होता. बाहेरचा दुवा म्हणजे उसनं आणलेलं भांडं, मालक कधीही घेऊन जाईल.

पण आपल्या घरातले दुवे तरी आपण मारू नयेत. टिम बर्नर्स-ली, ज्यांनी वेब बनवलं, त्यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगला पत्ता बदलत नाही. म्हणून पत्त्यात साल नको, लिहिणारीचं नाव नको, 'नवीन' हा शब्द तर मुळीच नको. पान हलवलंच तर जुन्या पत्त्यावर कायमस्वरूपी वळण ठेवा, त्याला ३०१ म्हणतात. ताई, तुम्ही मागच्या वर्षी संकेतस्थळ नव्या प्रणालीवर नेलंत तेव्हा हे केलं होतं का?


परसातली (फोंडा) | बुधवार, दुपारी १२:५५

नाही. :(


सत्तरीकार | बुधवार, दुपारी १:३०

म्हणून ते पातोळ्यांचं पान गायब झालं होय! मला वाटलं चवथ संपली म्हणून काढून टाकलंत.


परसातली (फोंडा) | गुरुवार, रात्री १०:३०

दोन रात्री बसून आगळाचा लेख नव्याने लिहिला. सुरुवात इथे टाकतेय. निर्दयपणे बघा.

*भिरंडांचं आगळ*
*(भिरंड म्हणजे रातांबा. याच्या वाळवलेल्या सालीला सोल, आमसूल किंवा कोकम म्हणतात.)*
*लागणारा वेळ: पहिल्या दिवशी दोनेक तास, मग आठवडाभर रोज पाच मिनिटं.*
*लागेल ते: पिकलेली भिरंडं, काचेची किंवा चिनी मातीची बरणी, कोरडा लाकडी डाव, पातळ सुती कापड. ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं घेऊ नका, आंबट रस धातूला लागतो.*
*आधी वाचा: भिरंड पिकलं हे कसं ओळखावं.*

*१. भिरंडं धुवा.*
*२. एकेक पुसून कोरडं करा. पाणी राहिलं तर बुरशी येते.*
*३. अर्धं कापून गर आणि बिया वेगळ्या भांड्यात काढा. बिया टाकू नका.*
*४. साली वाटीने मोजा. दर चार वाट्यांना एक वाटी जाडं मीठ मोजून ठेवा.*
*५. बरणीत सालींचा थर, वर मीठ, पुन्हा साली, असं भरा. सगळ्यात वर मीठ ठेवा.*
*६. रोज एकदा कोरड्या डावाने हलवा. सात-आठ दिवसांत रस सुटतो.*
*७. रस कापडातून गाळून कोरड्या बाटलीत भरा.*

*यानंतर: बियांपासून भिरंडेल कसं काढावं. राहिलेल्या सालींची सोलं कशी वाळवावीत. आगळ घालून सोलकढी.*

आकडा साच्यात, वाक्य लेखाचं. वरचा एक आणि खालचे तीन एवढेच दुवे, नावानिशी. मिठाचा जुना लेख 'आगळाला मीठ का लागतं' या नावाने विवेचन म्हणून ठेवलाय. पायऱ्यांतून तिकडे कुणालाच पाठवलेलं नाही.


डिचोलीचे_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ६:३०

'लागेल ते'मध्ये मीठ नाही.


परसातली (फोंडा) | शुक्रवार, सकाळी ७:५०

अरे देवा. ज्या मिठासाठी धागा काढला तेच! घातलं. वाटी आणि सुरीही घातली.


माणकुराद | शुक्रवार, सकाळी ८:१५

तिनास एक घाला म्हणतोय मी केव्हापासून.


कानांनी_वाचतो | शुक्रवार, सकाळी ९:४०

नवं पान ऐकलं. दुव्यांची यादी आता अशी येते: भिरंड पिकलं हे कसं ओळखावं, बियांपासून भिरंडेल कसं काढावं, राहिलेल्या सालींची सोलं कशी वाळवावीत, आगळ घालून सोलकढी. पोपट उडाला. यादी ऐकूनच आख्खं काम डोळ्यांपुढे आलं, म्हणजे माझ्या पद्धतीने.

फक्त पायऱ्यांचे आकडे खऱ्या क्रमांकित यादीत घाला, हाताने '१.' टंकू नका. खरी यादी असली की माझं यंत्र सुरुवातीलाच सांगतं की सात गोष्टी आहेत, आणि मला थेट सहावीवर जाता येतं.


परसातली (फोंडा) | शुक्रवार, सकाळी १०:०५

हे ठाऊकच नव्हतं. करते. आता माटोळीचा लेख घेते हातात, चवथीआधी व्हायला हवा. तेवीसातले सोळा फोटो काढलेत, मूर्तीचा एक ठेवलाय. जुन्या पत्त्यांची वळणंही लावून झाली.


सत्तरीकार | शनिवार, संध्याकाळी ६:१०

आज बाजारात गेलो तेव्हा माटोळीचं पान उघडून आणलं. भराभर उघडलं. गाठीचा फोटो दिसला. कवंडळाची सूचनाही पायरीतच आहे, बरं केलंत.

पण वरचा 'कांगलां कशी ओळखावीत' हा दुवा चिबडाच्या पानावर जातो.


परसातली (फोंडा) | शनिवार, संध्याकाळी ६:२५

लावला नीट. चिबडाच्या पानावरचा कुठे जातो तेही बघते.